खांदा शिवायचा की बदलायचा?

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळीवाला, वय ६८. दोन वर्षांपूर्वी घड उचलताना उजव्या खांद्यात कट्‌कन आवाज झाला. चोळून-शेकून दिवस काढले. आता टोपीसुद्धा डाव्या हाताने घालतो. एमआरआयमध्ये 'मोठी फाट, स्नायूंत चरबी' आलं. डॉक्टर सांधा बदला म्हणतात; मुलगा म्हणतो, दुर्बिणीने शिवून घ्या.

उत्तर : आबा, चोळण्यात दोन वर्षं गेली, तीच महागात पडली. खांद्याला धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंचे कंडरे (स्नायू हाडाला बांधणारे दोर) हाडावरून सुटले की आत ओढले जातात, स्नायू वाळतो, त्यात चरबी भरते. मग शिवणं म्हणजे कुजलेल्या गोणपाटाला टाके. सुई जाते, दोरा धरत नाही. ताजी फाट असती तर मीही मुलाचीच बाजू घेतली असती. पन्नाशीचा, सांधा न झिजलेला माणूस असता तर पाठीचा स्नायू वळवून लावण्याचा विचार केला असता.

तुमच्यासाठी 'रिव्हर्स' सांधा मलाही पटतो. त्यात वाटीच्या जागी गोळा, गोळ्याच्या जागी वाटी. फाटलेल्यांचं काम दंडावरचा डेल्टॉइड स्नायू करतो. आजची ही उलटी मांडणी फ्रान्सचे शल्यविशारद पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये आणली. मात्र डेल्टॉइड आणि त्याला हलवणारी नस (चेतातंतू) शाबूत आहे ना, हे आधी तपासून घ्या. साखर आटोक्यात हवी, तंबाखू बंद.

दुखणं सोसवत असेल तर आधी काही महिने फिजिओथेरपी करून बघा. टोपी उजव्या हाताने घालाल, अशी आशा आहे. घड मात्र आता मुलानेच उचलावा.