पॉलिथीनचे गुणधर्म मोजायला एमएफआय आणि यूटीएम पुरे आहेत का?

नाहीत. तुमच्या कॉलेजात एमएफआयचं यंत्र आणि यूटीएम (नमुना ओढून ताकद आणि लांबणं मोजणारं यंत्र) एवढंच आहे, त्यावर पॉलिथीनच्या भौतिक आणि संरचनात्मक गुणधर्मांचा प्रकल्प उभा राहील का, आणि स्फटिकता, म्हणजे मालाचा किती भाग नीट रचलेल्या स्फटिकांत आहे, ती घनता, डीएससी आणि क्ष-किरण अशा तीन पद्धतींनी काढली तर आकडे जुळायला हवेत का, असं तुम्ही विचारलंय. मी अंबड एमआयडीसीत ठिबकच्या नळ्या करणाऱ्या एका कारखान्याची क्वालिटी लॅब बरीच वर्षं सांभाळली. ‘एमएफआय पास आहे ना, मग झालं’ हे वाक्य तिथे इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

एमएफआय म्हणजे 190 अंशांना, 2.16 किलो वजनाखाली, दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला. वितळलेला माल एका ठरावीक, आणि तोही मंद, वेगाला कसा वाहतो एवढंच त्यातून कळतं. साखळ्या सगळ्या सारख्या लांबीच्या आहेत की निम्म्या आखूड आणि निम्म्या फार लांब, फांद्या किती आणि कुठे, दाण्यात पॉलिथीनशिवाय आणखी काय आहे, यातलं काहीच कळत नाही. आमचे प्रॉडक्शनचे साहेब म्हणायचे, शितावरून भाताची परीक्षा. मी म्हणायचे, साहेब, पातेल्यात दोन जातींचा तांदूळ असेल तर एका शिताने काय कळणार? हा वाद आमच्यात मिटला नाही तो नाहीच.

वाद पेटला तो 16 मिमीच्या लॅटरलच्या (पिकाच्या ओळीने टाकायच्या ठिबकच्या नळीच्या) एका लॉटवरून. नवीन पुरवठादाराचा काळा दाणा (नळी करायचा कच्चा माल) आला होता, भाव कमी होता. एमएफआय मर्यादेत, कार्बन ब्लॅक (उन्हापासून वाचवणारी काळी पूड) अडीच टक्क्यांच्या आसपास, घनता मर्यादेत, नळीची जाडी बरोबर. मी ओआयटी, म्हणजे ऑक्सिडेशनसमोर माल किती वेळ टिकतो याची चाचणी, डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावली. त्यात नमुना नायट्रोजनखाली 200 अंशांपर्यंत तापवायचा आणि मग ऑक्सिजन सोडून तो किती मिनिटं तग धरतो ते बघायचं. सगळे फक्त ती मिनिटं वाचतात. तापवतानाचा आलेख कोणी बघत नाही, बरेच जण तो भाग कापूनच अहवालाला जोडतात. मी तो बघते. 123 अंशांजवळ एलएलडीपीईचा (नळीसाठी वापरतात त्या पॉलिथीनचा) वितळण्याचा नेहमीचा खड्डा होता, आणि त्यानंतर 162 ला आणखी एक, छोटासा पण स्वच्छ.

162 ला पॉलिथीनचा कुठलाच प्रकार वितळत नाही. एलडीपीई साधारण 105 ते 115 ला जातो, एचडीपीईसुद्धा 130 ते 135 ला संपतो. 160 ते 165 ही पॉलीप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची, जागा. म्हणजे दाण्यात रिप्रोसेस (भंगार वितळवून पुन्हा केलेला माल) मिसळलेलं होतं, आणि त्या भंगारात गोण्या किंवा झाकणं आलेली असणार. दुसरा नमुना मिनिटाला 10 अंशांच्या वेगाने पुन्हा चालवला. खड्डा तिथेच.

साहेबांचं म्हणणं, मग घनतेत का नाही दिसलं? कारण दिसणारच नव्हतं. पीपीची घनता घनसेंटिमीटरला 0.90 ते 0.91 ग्रॅम. पाच-दहा टक्के पीपीने एलएलडीपीईची घनता तिसऱ्या दशांशात जेमतेम हलते. उलट कार्बन ब्लॅकच्या प्रत्येक टक्क्यामागे घनता सुमारे 0.0044 ने वाढते, म्हणजे अडीच टक्क्यांना 0.011. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवरची घनता कार्बन धरून की वजा करून, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी मर्यादेत आलेला घनतेचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. यूटीएमवरही नळी बऱ्यापैकी लांबली. लांबणारच. पीपी आणि पीई एकमेकांत विरघळत नाहीत, पीपीचे बारीक ठिपके तसेच राहतात. मिनिटाभराच्या ओढीत ते निभावून जातं. पण तीच नळी काटेरी जॉइनरवर चढवून कायम ताणात ठेवली, वर ऊन, आत पाणी आणि विद्राव्य खतं, की त्या ठिपक्यांच्या कडेने चीर चालायला लागते. पॉलिथीनचे स्फटिक पापुद्र्यांसारखे असतात, आणि त्यांना बांधून ठेवतात एका पापुद्र्यातून दुसऱ्यात गेलेल्या लांब साखळ्या. संथ तडकणं रोखायची ताकद त्या साखळ्यांत असते, आणि ती यूटीएमच्या झटपट ओढीत मोजली जात नाही. त्यासाठी वाकवून, चीर देऊन, डिटर्जंटच्या द्रावणात 50 अंशांना ठेवलेल्या पट्ट्यांची चाचणी असते. ती दिवसांवर चालते म्हणून कोणाला करायची नसते.

मी रिपोर्टवर शेरा लिहिला. माल तरीही गेला.

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर निफाडकडच्या द्राक्षबागांतून तक्रारी आल्या. एका शेतकरी दादांनी फोनवर नेमकं सांगितलं, ‘ताई, नळी मधे नाही फुटत, जोडाशीच फुटते.’ तुकडे मागवले. तडा सरळ आणि कोरडा, कडेला ताणल्याची खूण नाही, पांढरेपणा नाही. डीएससीत पुन्हा 162. माल बदलून दिला गेला, पण फाईलवर कारण लिहिलं गेलं, ‘ग्राहकाने ठिबकमध्ये अतिरिक्त आम्ल सोडल्याने नुकसान’. ते वाक्य मला आजही टोचतं. आम्लाचे कॅन कशाचे असतात? एचडीपीईचे. ज्या माणसाने तक्रार इतकी अचूक सांगितली, त्याच्याच माथी दोष मारला.

आता स्फटिकतेचं. तीन पद्धतींचे आकडे जुळणार नाहीत, जुळवायलाही जाऊ नका. घनतेवरून काढताना पूर्ण अस्फटिक 0.855 आणि पूर्ण स्फटिक 1.000 धरतात. 0.950 चा नमुना आकारमानाने 65.5 टक्के निघतो, वजनाने 69. हा फरक न सांगता नुसतं ‘स्फटिकता’ लिहिणारे प्रकल्प मी कितीतरी पाहिलेत. डीएससीत पूर्ण स्फटिकासाठी ग्रॅमला 293 ज्यूल धरतात, म्हणजे 190 ज्यूल आले तर साधारण 65 टक्के. क्ष-किरणांत 21.5 आणि 23.7 अंशांची दोन शिखरं अस्फटिक कुबडापासून वेगळी करायची, आणि पापुद्र्यांच्या कडेचा अर्धवट रचलेला भाग कुठे मोजायचा हे प्रत्येक पद्धत आपापल्या परीने ठरवते. म्हणून कोणती पद्धत, कोणते स्थिरांक आणि नमुना कसा थंड केला, हे लिहाच. तोच दाणा झटकन थंड केला तर घनता उतरते, सावकाश केला तर चढते. डीएससीत पहिल्या तापवणीत नमुन्याचा इतिहास दिसतो, दुसऱ्या तापवणीत त्याचा स्वतःचा स्वभाव. दोन्ही आलेख द्या.

साधनं नाहीत म्हणून रडू नका. एमएफआयच्या यंत्रावर 2.16 आणि 21.6 किलो अशा दोन वजनांनी मोजा आणि गुणोत्तर काढा. साखळ्यांच्या लांबीचा पसारा किती रुंद आहे याचा अंदाज येतो, तोही फुकट. घनतेसाठी ग्रेडियंट कॉलम (वर हलकं, खाली जड द्रावण भरलेली मोजणीची उभी नळी) लागत नाही. चांगला तराजू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, नमुना हवेत आणि अल्कोहोलमध्ये तोला. पाण्यात पॉलिथीन तरंगतं, म्हणून अल्कोहोल. बुडबुडे चिकटू देऊ नका, आणि तापमान धरून ठेवा. मे महिन्यात दुपारी पंख्याखाली बसून तिसरा दशांश येत नाही. एफटीआयआरसाठी (अवरक्त प्रकाशाने रेणूंची रचना ओळखणाऱ्या यंत्रासाठी) एखाद्या फार्मसी कॉलेजात विचारा, त्यांच्याकडे बहुधा असतो. त्याच्या आलेखात ही शिखरं बघा (सेमी⁻¹ मध्ये): पॉलिथीनच्या स्फटिकांसाठी 720 आणि 730 ची जोडी, फांद्यांच्या टोकांसाठी 1378, ऑक्सिडेशन झालं असेल तर 1715 च्या आसपास. काळ्या नमुन्याला मात्र हे सरळ जमत नाही, कार्बन प्रकाश गिळतो.

एक सांगायला हवं. पीपी दिसलं म्हणजे नळी फुटणारच, असं नाही. कार्बन ब्लॅक नीट पसरला नसेल, गुठळ्या असतील, तरी जोडाशी तडे जातात. क्लोरीन भरमसाट आणि वारंवार सोडलं तर पॉलिथीनमधली अँटिऑक्सिडंट संपतात, तिथे शेतकऱ्याला सांगणं योग्यच आहे. पण आम्लाला दोष द्यायचा तर आधी तुकडा मोजावा.

म्हणून प्रकल्पात एवढं कराच. एलएलडीपीईचा चांगला दाणा घ्या आणि 190 अंशांना जवळपास तेवढाच एमएफआय देणारं पीपी शोधा. पीपीच्या सर्टिफिकेटवर 230 अंशांचा आकडा असतो, तो चालणार नाही, स्वतः मोजा. शून्य, पाच आणि दहा टक्के मिश्रणं करा. तिन्हींचा एमएफआय, घनता, यूटीएम, आणि डिटर्जंटमधल्या वाकवलेल्या पट्ट्या. शेजारी आणखी एक संच साध्या पाण्यात आणि एक ठिबकला सोडतात तेवढ्या तीव्रतेच्या आम्लात ठेवा, तिन्ही एकाच तापमानाला. कोणत्या पट्ट्या आधी तडकल्या त्याचा तक्ता या उत्तराखाली टाका. मला तो एका माणसाला पाठवायचा आहे.