घर विकू का, गाडी घेऊ का? मोटरहोमवाल्या ताईंना वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की रिटायर झाल्यावर आम्ही दोघं न्यू जर्सीतून गाशा गुंडाळून कायमचे मोटरहोममध्ये, म्हणजे आत बेड, स्वयंपाकघर, बाथरूम असलेल्या मोठ्या गाडीत, राहायला आलो, हिवाळ्यात ॲरिझोना, उन्हाळ्यात वर वायोमिंग-मोंटाना, मधे जिथे हवा बरी असेल तिथे. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी सांगितलं आता उत्तरं पण तुम्हीच द्या. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम टाकली नाहीत, कारण निम्म्या पत्रांत नवऱ्याची तक्रार आहे.

ताई, ह्यांनी पासष्टी गाठली आणि डोक्यात एकच खूळ, घर विकायचं आणि चाळीस फुटी मोटरहोम घ्यायचं. रोज रात्री यूट्यूबवर तेच. माझं मन होत नाहीये. सरळ नाही म्हणू का? (एडिसन)

नाही म्हणू नका, पण घर विकणं आणि गाडी घेणं हे दोन निर्णय एकमेकांत अडकू देऊ नका, एवढं एकच धरून बसा. पुरुषमंडळींचा हिशोब सोपा असतो, घराचे पैसे आले की त्यात गाडी येते, झालं. पण नवं मोटरहोम शोरूमच्या बाहेर पडल्या पडल्या किंमत उतरायला लागते, आणि दोन वर्षांनी कंटाळा आला, गुडघे दुखायला लागले, नातवंडं झाली आणि परत यावंसं वाटलं तर गाडी पडत्या भावात द्यायची आणि घर चढत्या भावात शोधायचं, ह्याला काय अर्थ आहे. त्यापेक्षा घर भाड्याने द्या. आणि विकत घ्यायच्या आधी दोन-तीन आठवडे भाड्याची गाडी घेऊन राहून बघा, तेसुद्धा ऑक्टोबरातल्या गोड हवेत नाही, धो धो पावसात नाहीतर भर उन्हात, म्हणजे खरं काय ते दोघांनाही कळेल.

चाळीस फुटांचं म्हणाल तर त्यांना जरा खाली उतरवा. इकडे बसच्या आकाराच्या गाडीला क्लास ए म्हणतात, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला बेड असतो ती क्लास सी, आणि व्हॅनची बनवलेली ती क्लास बी. नॅशनल पार्कांमधली बरीच कॅम्पग्राउंडं (गाडी किंवा तंबू लावून मुक्काम करायच्या जागा) जुन्या काळची आहेत, लहान गाड्यांसाठी आखलेली, चाळीस फूट तिथे बसतच नाही. ग्लेशियर पार्कात गोइंग-टू-द-सन रोड आहे त्याच्या वरच्या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत, मग मोटरहोम खाली ठेवायचं आणि मागे बांधून आणलेली छोटी कार काढायची (तिला इकडे सगळे टोड म्हणतात). लांब कशाला, तुमच्या शेजारी न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर किती बुटके पूल आहेत बघा, आणि मोटरहोमची उंची बारा-तेरा फूट, कारचा जीपीएस बिनदिक्कत तिकडे वळवतो. आरव्हीचा (मोटरहोमसारख्या गाड्यांना इकडे आरव्ही म्हणतात) वेगळा जीपीएस मिळतो, उंची लांबी भरली की तसा रस्ता दाखवतो, तो घ्या. माझ्या मते दोघांना कायम राहायला तीस फुटांच्या आसपासची क्लास सी भरपूर झाली.

विचारायला संकोच वाटतो पण टॉयलेटचं काय करता? (ठाणे, आणि खूप ठिकाणांहून)

अहो संकोच कसला, पहिल्या दिवशी सगळ्यांना हाच प्रश्न असतो. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक ग्रे म्हणजे बेसिन आणि आंघोळीचं पाणी, आणि एक ब्लॅक, ती तुम्ही विचारताय ती. कॅम्पग्राउंडमध्ये डंप स्टेशन असतं, जमिनीत झाकण असलेलं भोक, हातमोजे घालून तिथे जाड पाइप लावायचा आणि आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. उलट केलंत तर भोगा. नवीन लोक हूकअपवर, म्हणजे नळ, वीज, ड्रेनेज जोडून मिळणाऱ्या जागेवर, आले की ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, म्हणजे आपोआप जात राहील असं त्यांना वाटतं, पण मग पाणी तेवढं निघून जातं आणि बाकीचं आत बसून वाळतं. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी दोन तृतीयांश भरली की मगच उघडायचा. आमच्याकडे हे खातं ह्यांचं आहे आणि ह्यात मी बदल होऊ देणार नाही.

पाण्याचं मात्र आपल्याला जड जात नाही. पहाटे नळ येणार म्हणून हंडे-कळश्या भरून ठेवणारी आपली पिढी, बादलीभर पाण्यात डोक्यावरून आंघोळ होते. शेजारच्या गाड्यांमधले लोक शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहतात आणि टाकी रिकामी, मग नवरा-बायकोची जुंपते.

खर्च किती येतो? आणि पत्ता, लायसन्स, मेडिकेअर ह्याचं काय? घरच नाही तर पत्ता कुठला देता? (डॅलस)

खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो तुम्ही किती हलता त्यावर असतो. मोठं पेट्रोल मोटरहोम एका गॅलनला सात-आठ मैल देतं, त्यामुळे दर दोन दिवसांनी गाव बदलणारे रडतात आणि एका जागी महिना काढणारे निवांत असतात, शिवाय कॅम्पग्राउंडमधल्या जागेचं महिन्याचं भाडं रोजच्या भाड्याच्या मानाने खूपच कमी पडतं. पश्चिमेकडे बीएलएम म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट ह्या खात्याच्या सरकारी जमिनी आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं, वीज नाही पाणी नाही, त्याला बूनडॉकिंग म्हणतात. ॲरिझोनात क्वार्टझसाइटला तर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्ख्या सीझनचा परवाना मिळतो, वाळवंटात जिकडे बघाल तिकडे पांढऱ्या गाड्या आणि पांढरे केस. ६२ पूर्ण असतील आणि सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असेल तर ८० डॉलरचा लाइफटाइम सीनियर पास आजच घ्या, नॅशनल पार्कांची एंट्री जन्मभर फुकट आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडांत निम्मं भाडं. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत हाच पास १० डॉलरला होता, ते ज्यांनी घेतले ते अजून मिरवतात.

पत्त्यासाठी फुल-टायमर, म्हणजे आमच्यासारखे कायम गाडीतच राहणारे, लोक बहुतेक टेक्सस, फ्लोरिडा नाहीतर साउथ डकोटा धरतात, तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. तिथे मेल फॉरवर्डिंगवाले असतात, ते तुम्हाला पत्ता देतात आणि टपाल गोळा करून तुम्ही असाल तिथे पाठवतात. तुम्ही टेक्ससमध्येच आहात म्हणजे अर्धं काम झालंय, उगाच राज्य बदलू नका. फक्त गाडी २६,००० पौंडांच्या वर गेली तर टेक्ससमध्ये साधं लायसन्स चालत नाही, वरच्या क्लासचं काढावं लागतं.

मेडिकेअर म्हणजे इकडचा पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा, त्यात मात्र डोळे उघडे ठेवा. स्वस्त पडतं म्हणून लोक खाजगी कंपन्यांचे ॲडव्हान्टेज प्लॅन घेतात, त्यातल्या बऱ्याच प्लॅनचं नेटवर्क आपल्या भागापुरतं असतं, इमर्जन्सी सोडली तर परराज्यात डॉक्टर शोधताना नाकी नऊ येतात. ओरिजिनल म्हणजे थेट सरकारचं मेडिकेअर मात्र देशात कुठेही चालतं, जो डॉक्टर मेडिकेअर घेतो तो चालला. फिरणाऱ्याने ते आणि त्यावर सप्लिमेंट (मेडिकेअरनंतर उरलेला खर्च उचलणारी वेगळी पॉलिसी) घ्यावं, आणि हे पासष्टीला सुरुवातीलाच ठरवावं, कारण नंतर सप्लिमेंट घ्यायला गेलं तर बऱ्याच राज्यांत तब्येतीचे प्रश्न विचारून नाकारू शकतात.

आम्ही दोघं दरवर्षी सहा महिने मुलाकडे कॅलिफोर्नियाला येतो. त्याच्या घरी नुसतं बसून राहण्यापेक्षा असं फिरता येईल का? एक ओळखीचे म्हणाले की कॅम्पग्राउंडवर काम केलं की जागा फुकट मिळते. (पुणे, कोथरूड)

फिरा की, पण ते फुकट जागेचं डोक्यातून काढून टाका. त्याला वर्कॅम्पिंग म्हणतात, कॅम्प होस्ट व्हायचं, आठवड्याला ठरावीक तास गेटवर बसायचं, बाथरूम साफ करायचे, त्याच्या बदल्यात जागा आणि वीज. इथल्या लोकांना उत्तम, पण तुम्ही व्हिजिटर व्हिसावर, आणि कामाच्या बदल्यात जागा घेतली तर हातात पैसे न येताही ते काम धरलं जाऊ शकतं. एवढ्यासाठी पुढचा व्हिसा कशाला घालवायचा. तुम्ही भाड्याने पंचवीस फुटांपर्यंतची गाडी घ्या, तीन आठवडे, मुलाला सुट्टी असेल तेव्हा त्यालाही बरोबर घ्या. भारतातलं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही आणा, आणि हेल्थ इन्शुरन्स चांगला घ्या, मेडिकेअर तुम्हाला लागू नाही.

स्वयंपाक नीट होतो का? का रोज सँडविच? (नागपूर)

रोज पोळी-भाजी होते, आणि दर आठवड्याला कोणीतरी वासावरून दारात येतं. फक्त विजेचं गणित शिकावं लागतं. कॅम्पग्राउंडला खांबावर ३० अँपचं किंवा ५० अँपचं कनेक्शन असतं, तीस म्हणजे ३,६०० वॅट सगळे मिळून. एसी दीड हजार खातो, इंडक्शन पूर्ण केलं तर अठराशे, आणि त्यात ह्यांनी मायक्रोवेव्हमध्ये चहा ठेवला की फटकन सगळं बंद, आत अंधार, कुकरची शिट्टी अर्ध्यावर. म्हणून आमच्याकडे आधी ओरडून विचारायची पद्धत आहे, "एसी चालू आहे का?" फोडणीच्या आधी छतातला पंखा उघडायचा नाहीतर मोहरी तडतडायच्या आत स्मोक अलार्म बोंबलतो. रात्री बहुतेक ठिकाणी दहानंतर क्वाएट अवर्स असतात, तेव्हा कुकर लावू नका, शिट्टी लांबवर जाते.

मासे तळायची हौस असेल तर अस्वलांचा भाग सोडून. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज नावाचं कॅम्पग्राउंड आहे, नाव ऐकून आमच्या ह्यांचे डोळे चमकले, तर तिथे ग्रिझलींमुळे तंबू लावायलाच बंदी, फक्त कडक भिंतींच्या गाड्या. बाहेर कढई काय, रिकामा डबा पण ठेवायचा नाही. किराणा फिनिक्सला नाहीतर ह्यूस्टनला भरून घ्यायचा, वायोमिंगमध्ये पोहे शोधत फिरू नका.

एवढ्याशा जागेत चोवीस तास दोघंच. भांडणं होत नाहीत? खरं सांगा. (सांगली)

होतात. सगळ्यात मोठं भांडण गाडी मागे घेताना होतं, हे मी आमचं एकट्यांचं नाही सांगत, कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी खुर्ची टाकून बसा, फुकट करमणूक असते. एक जण स्टिअरिंगवर, दुसरा मागे उभा राहून हात हलवतोय, ह्याला वाटतं या या म्हणतेय, ती म्हणतेय थांब. आम्ही फोन चालू ठेवूनच गाडी लावतो आणि नियम एकच, मागे उभी असलेली व्यक्ती आरशात दिसली नाही की ब्रेक, कोण बरोबर ते चहा झाल्यावर बघू. दुसरं म्हणजे ती टोड कार फक्त फिरायला नाही, एकट्याने निघून जायला पण असते. मी लायब्ररीत जाते, हे हार्डवेअरच्या दुकानात दोन तास एक स्क्रू शोधतात. हेडफोन दोघांचे वेगवेगळे. आणि क्रिकेटची मॅच असली की मी गाडीत थांबतच नाही.

हे सगळं भारतात जमेल का? (नाशिक)

थोडे दिवस फिरायला जमेल, कायम राहायला अजून अवघड आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन टुरिझमची पॉलिसी आणली, केरळनेही त्याच वर्षी. पण गाडीपेक्षा डंप स्टेशन आणि रात्री उभं राहायला जागा हे महत्त्वाचं, ते आपल्याकडे अजून नीट झालेलं नाही. ब्लॅक टाकी घाटात कुठे सोडणार सांगा.

आज ठीक आहे, पण दोघांतलं एक आजारी पडलं तर? (न्यू जर्सी आणि बे एरिया, दोन्हीकडून)

हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि तो गाडी घ्यायच्या आधी विचारायला हवा. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टन गावी एस्केपीज नावाचा फुल-टायमर लोकांचा जुना क्लब आहे, १९७८ चा, त्यांनी तिथेच केअर नावाचं केंद्र काढलंय, म्हणजे म्हातारपणी किंवा ऑपरेशननंतर आपल्याच मोटरहोममध्ये राहायचं आणि जेवण, मदत, डॉक्टरकडे नेणं-आणणं हे तिथले लोक बघतात. आम्ही जाऊन बघून आलो. खुर्च्यांवर बसलेली माणसं, पण प्रत्येकाला आपली गाडी दारात दिसते, मला ते आवडलं, ह्यांना नाही आवडलं, ते म्हणाले मुलीच्या गावाजवळ छोटा काँडो (फ्लॅट) घेऊ. ते अजून ठरायचंय, पण पैसे मात्र त्यासाठी वेगळे ठेवलेत, त्यातून टायर घ्यायचे नाहीत.

आणि बायकांनो, गाडी तुम्हाला चालवता आलीच पाहिजे. आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणी शेजारच्या सीटवर बसून फक्त चकल्या पुरवतात, आणि एक दिवस कुठल्यातरी वाळवंटात नवऱ्याची पाठ धरली की गाडी तिथेच. रिकामा मोठा पार्किंग लॉट बघायचा आणि शिकायचं, वळताना मागची बाजू बाहेर झुलते तेवढं डोक्यात बसलं की बाकी काही नाही. मी महिन्यातून एक पूर्ण दिवस चालवते, हायवेवर, आणि आमचे हे शेजारी बसून दिवसभर पायाने नसलेला ब्रेक दाबत असतात.

कुत्र्या-मांजरांबद्दलची पत्रं पुढच्या अंकात घेते.