स्किफ विकत घ्यावी की गाईडचेच दिवस घेत राहावेत?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय 48. खाऱ्या पाण्याच्या फ्लॅट्सवर (किनाऱ्याजवळच्या उथळ, सपाट तळाच्या पट्ट्यांवर) बोनफिश, टार्पन आणि परमिट या माशांमागे जाण्याचा छंद, त्यासाठी वर्षाला साधारण 8 दिवस स्वतःच्या बोटीतून नेणारा गाईड घेता. आता मित्र त्याची जुनी स्किफ, म्हणजे उथळ पाण्यात चालणारी छोटी मोटरबोट, विकतोय. तिची किंमत गाईडच्या 45 दिवसांच्या पैशांइतकी. निम्मी रक्कम यंदाच्या बोनसमधून आणि निम्मी 5 वर्षांच्या कर्जातून द्यायची, म्हणजे गाईडचे पैसे वाचतील आणि दर शनिवार-रविवार पाण्यावर जाता येईल. किनारा गाडीने 3 तासांवर. हाताशी 4 महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक, घराच्या कर्जाची 9 वर्षं बाकी, मुलगी 2 वर्षांनी कॉलेजला. पत्नीला मासेमारीत रस नाही, पण तिचा विरोधही नाही.

माझं उत्तर आधीच सांगते: यंदा घेऊ नका. पैसे कमी आहेत म्हणून नव्हे. गाईडला देता त्या पैशात तुम्ही नेमकं काय विकत घेता, हे तुमच्या हिशेबातून निसटलंय, म्हणून.

फ्लॅट्सवर मासा आधी दिसावा लागतो, मग त्याच्यापुढे गळ टाकायचा. भरती चढू लागली की बोनफिश खेकडे आणि कोळंबी शोधत गुडघाभर पाण्यात येतात आणि ओहोटीला खोल बाजूला परततात. गाईड मागे इंजिनावरच्या उंच फळीवर उभा राहून अठरा-वीस फुटी दांड्याने बोट आवाज न करता ढकलतो. बोटीच्या पुढच्या टोकाला (नाळेला) बारा वाजले असं धरून तो सांगतो, "दहा वाजता, पन्नास फूट, डावीकडे चाललाय", आणि तुम्ही फेकता. आता स्वतःच्या स्किफवर तुम्ही आणि मित्र गेलात तर दांड्यावर कोण उभं राहणार? एक जण ढकलणार, एक जण मासे धरणार, मग अदलाबदल. म्हणजे तुमच्या बोटीवरचा एक दिवस मासेमारीच्या हिशेबात अर्धाच असतो. एकटे गेलात तर ट्रोलिंग मोटर (बोट हळू, फारसा आवाज न करता नेणारी छोटी विजेची मोटर) लावून किंवा बोट नांगरून पाण्यात उतरून मासेमारी होते. अनेक जण तसं करतात आणि त्यात मजाही आहे. पण ती तुम्ही पत्रात वर्णन केलेली मासेमारी नव्हे.

आता आकडे. मी सगळा हिशेब पैशांऐवजी गाईडच्या दिवसांत मांडते, कारण तुमची खरी तुलना तीच आहे. खाऱ्या पाण्यातल्या बोटीची जागा, विमा, नोंदणी, ट्रेलर आणि इंजिनाची देखभाल मिळून किमतीच्या दहा टक्के धरले तर वर्षाला साडेचार दिवस. किंमत वर्षाला सात टक्के उतरते असं धरलं तर आणखी तीन. निम्म्या कर्जावर नऊ टक्के व्याज धरलं तर पहिल्या वर्षी दोन. बोनसचा वाटा बोटीत न घालता सहा टक्क्यांनी गुंतवला असता तर मिळालं असतं ते साधारण सव्वा. एकूण पावणे अकरा. शिवाय तुम्हीच लिहिलंय की टार्पनच्या मोसमात गाईडचे तीन दिवस तरी घ्यावेच लागतील. म्हणजे आज आठ दिवसांवर भागतंय तिथे पावणे चौदा होतील, आणि त्यात इंधन धरलेलं नाही. टक्के माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या विमा कंपनीकडून आणि बँकेकडून खरे आकडे घ्या आणि हेच गणित पुन्हा करा. त्यात दोन-तीन दिवसांचा फरक पडेल, पण पारडं फिरेल असं वाटत नाही.

मग बोट केव्हा परवडते? पावणे अकरा दिवस वापरली की बरोबरी झाली, असं वरवर दिसतं. पण निम्मा वेळ दांड्यावर जाणार, म्हणून आकडा दुप्पट करा: वर्षाला किमान बावीस दिवस. "दर शनिवार-रविवार" म्हटलं की हे सहज वाटतं. मागच्या वर्षीची दिनदर्शिका काढा. ज्या सुट्टीच्या दिवशी घरचं काम नव्हतं, वारा बेताचा होता आणि ऊन स्वच्छ होतं, शिवाय भरतीची वेळ तुम्हाला गाठता येण्यासारखी होती, असे किती होते ते मोजा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, ती शनिवार बघून येत नाही. उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं, भांगेला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) जेमतेम हलतं, आणि एकच फ्लॅट या दोन्ही वेळी निराळा वागतो. ढग आले की पाण्यावर नुसती चकाकी उरते आणि चांगला पोलराइज्ड चष्मा असला तरी मासा दिसणं कठीण. हे सगळं गाळून, तीन तास ट्रेलर ओढत नेऊन, जे दिवस उरतील तेच खरे. तुमचे बावीस भरले तर मला पुन्हा लिहा. मग माझं उत्तर बदलेल आणि मी आनंदाने बदलेन.

एक गोष्ट कुठल्याच हिशेबाच्या वहीत दिसत नाही, पण माझ्या मते तुमच्या आजच्या व्यवस्थेतली ती सर्वांत मौल्यवान आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांसारख्या ठिकाणी एप्रिल ते जूनमधले टार्पनचे ऐन दिवस नामांकित गाईडकडे नेहमीच्या लोकांसाठी वर्षभर आधी धरलेले असतात. चांगल्या भरतीच्या तारखाही त्यातच जातात. तुम्ही एकाच गाईडकडे वर्षानुवर्षं जाता असं लिहिलंय. दोन मोसम गेला नाहीत तर त्या तारखा दुसऱ्याच्या होतील, आणि बोट विकून परत आलात तरी त्या मिळायच्या नाहीत. स्किफ पुढेही विकत मिळेल. ती रांगेतली जागा मिळेलच असं नाही.

तुम्ही आणखी एक सुचवलंय, की अधूनमधून लोकांना पैसे घेऊन नेलं तर बोटीचा खर्च निघेल. हा विचार पूर्ण सोडा. अमेरिकेत पैसे घेऊन प्रवासी न्यायचे तर तटरक्षक दलाचा कॅप्टनचा परवाना लागतो. सहा प्रवाशांपर्यंतच्या साध्या परवान्यालाही 360 दिवसांचा बोटीवरचा अनुभव दाखवावा लागतो, वर वैद्यकीय आणि अमली पदार्थांची तपासणी. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, पण "परवाना नको" असं सहसा कुठे नसतं. आणि मला परवान्याहून जास्त भीती विम्याची वाटते. खासगी वापराच्या विम्यावर भाड्याचे प्रवासी बसवले आणि कुणी घसरून पडलं, तर कंपनी हात वर करू शकते आणि दावा तुमच्या घरावर येऊ शकतो. बोटीचे पावणे अकरा दिवस वसूल करायला घर पणाला लावू नका.

नुकसानीचाही विचार करा, कारण गाईड नसताना ती जोखीम तुमच्याकडे येते. उथळ पाण्यात वेगात जाताना वाट चुकली की इंजिनाचा पंखा समुद्री गवतात घुसतो आणि चर पडतो. टर्टल ग्रास या समुद्री गवतातले असे चर भरून यायला कित्येक वर्षं लागतात, आणि त्याच गवतात ते खेकडे आणि कोळंबी राहतात ज्यांच्यासाठी मासे येतात. फ्लोरिडा कीजच्या सागरी अभयारण्यात अशा नुकसानीला दंड आहे. फ्लोरिडातल्याच एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाच्या काही भागांत तर इंजिन बंद करून दांड्याने किंवा ट्रोलिंग मोटरनेच जावं लागतं. हे पाणी शिकायला वर्षं जातात, आणि शिकत असताना पंखे, गिअरकेस आणि ओढून आणण्याची बिलं तुमच्या खिशातून जातात. मला मनापासून वाटतं की या माशांवर जीव असणाऱ्याने त्यांच्या कुरणातून शिकाऊ हाताने बोट पळवू नये. पैशाचा प्रश्न नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता बोनसचं काय करायचं. आधी हाताशी असलेली शिल्लक चार महिन्यांवरून सहा महिन्यांवर न्या. कॉलेज दोन वर्षांवर आहे, म्हणून त्यातला एक वाटा शेअर बाजाराच्या चढ-उतारापासून दूर, मुदत ठेवीसारख्या जागी ठेवा. उरेल ते मासेमारीचं. यात मी काटकसर सुचवत नाही. या छंदावर वर्षाला आठ दिवस तुम्ही निवृत्तीची बचत न चुकवता खर्च करता, ते तुमच्या ऐपतीत बसतं, त्यात अपराधी वाटण्याचं कारण नाही. फक्त त्यासाठी वेगळं खातं उघडा. कर्ज घेतलं असतं तर वर्षाला साधारण साडेपाच दिवसांइतके हप्ते गेले असते. तेच हप्ते स्वतःच्या खात्यात भरा. दोन वर्षांत अकरा दिवसांइतकी रक्कम जमेल, व्याज न देता, आणि मुलगी कॉलेजला जाईल तेव्हा ती रक्कम तुमच्या हातात मोकळी असेल.

आठ दिवसांतून अधिक मिळवायच्या वाटाही आहेत. स्किफवर बहुधा एक गाईड आणि दोन पाहुणे बसतात. फेकतो एकच, दुसरा बघतो आणि शिकतो. त्याच मित्राला निम्म्या खर्चात सोबत घ्या, तर तेवढ्याच पैशात सोळा दिवस पाण्यावर जाल. टार्पनच्या ऐन आठवड्याशिवायचे दिवस जिथे स्वस्त असतील तिथे ते बोनफिशसाठी घ्या. सर्वांत मोठा परतावा मात्र घरच्या मैदानावर आहे: वाऱ्यात, पन्नास फुटांवर, एक-दोन फेकींत ठरलेल्या जागी गळ टाकायचा सराव. गाईड मासा दाखवू शकतो, तुमच्या वतीने फेकू शकत नाही. दिवसातल्या मोजक्या संधींपैकी निम्म्या चुकीच्या फेकीत गेल्या, तर निम्मे पैसे तिथेच गेले.

आणि स्वतःचं काहीतरी हवंच असेल (ते मला पूर्ण कळतं), तर उभं राहता येईल असं रुंद कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घ्या. किंमत गाईडच्या दोन-तीन दिवसांच्या आसपास, गाडीच्या टपावर बसतं, इंजिन नाही, गवताला चर पडत नाही. त्यावर दोन मोसम घालवा आणि प्रत्येक फेरीची तारीख, भरती आणि वारा लिहून ठेवा. दोन वर्षांनी त्या वहीत बावीस-बावीस दिवस दिसले तर स्किफ घ्यायची वेळ झाली, आणि तेव्हा काही रक्कम रोख हाताशी असेल.

तरीही मित्राचीच बोट घ्यायची ठरली, तर मैत्री बाजूला ठेवून बोटी तपासणाऱ्या स्वतंत्र सर्वेअरकडून तपासून घ्या. मागच्या ट्रान्सममध्ये, जिथे इंजिन टांगलेलं असतं, ओल मुरली आहे का, इंजिनाचे तास आणि कॉम्प्रेशन किती, ट्रेलरचे बेअरिंग आणि ब्रेक खाऱ्या पाण्याने खाल्लेत का, हे लेखी मागा. दर फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने धुतलं जायचं का, हे मित्र खरं सांगेल. अर्धी-अर्धी भागीदारीत घेण्याचाही पर्याय आहे. खर्च निम्मा होतो आणि दांड्यावर उभं राहायला माणूस आपोआप मिळतो. पण तारखा, दुरुस्ती आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर किंमत कशी ठरवायची, हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

मित्राला या महिन्यात उत्तर द्यायचंय असं लिहिलंय. त्याआधी गाईडला फोन करा, पुढच्या मोसमाच्या तारखा धरा, आणि हवामान बिघडलं तर आगाऊ रक्कम परत मिळते की तारीख बदलून मिळते, हे लेखी घ्या.