उघड्या हातांचा शॉर्टस्टॉप

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत बेसबॉल खेळतो. क्षेत्ररक्षण शिकावं तर बेसबॉलवाल्यांकडूनच, असं त्याचं म्हणणं. क्रिकेटच्या घरातून तिकडे जाऊन नाव काढलेलं कुणी आहे का?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आहे की! जॉर्ज राइट. वडील सॅम्युअल मूळचे शेफील्डचे, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी खेळाडू. पोरं क्रिकेटमध्येच वाढली. 1869 साली थोरल्या हॅरीनं सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे सगळ्यांना पगार देणारा पहिला संघ बांधला. कप्तान हॅरीला 1200 डॉलर, धाकट्या जॉर्जला 1400! घरी काय बोलणी झाली असतील, देव जाणे. पण पैसे वसूल झाले. त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही.

जॉर्ज शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. बेस म्हणजे धावताना एकेक करून गाठायचे थांबे. हातात मोजे नाहीत. पावसाळ्यात कांगा लीगमध्ये मी शॉर्ट लेगला उभा राहिलोय, तेव्हा उघड्या तळव्यांचं मोल मला विचारा. जॉर्ज इतरांपेक्षा मागे उभा राही. फेक जोरकस, म्हणून ते परवडे.

त्याची खरी करामत मात्र झेल सोडण्यात. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर आहेत, बॅटरनं चेंडू वर उडवला. आता झेल घेतला जाणारच म्हणून रनर बेसला चिकटून उभे. जॉर्ज चेंडूखाली येई, आणि मुद्दाम तो खाली पडू देई. झेल नाही म्हटल्यावर बॅटर पहिल्या बेसकडे धावतो, म्हणून पुढच्या रनरना जागा सोडून पळणं भाग. चेंडू त्यांच्याआधी बेसवर पोचला की ते बाद. चेंडू तिसऱ्या बेसवर, तिथून दुसऱ्यावर, एकाऐवजी दोन बाद! याला लबाडी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पुढे दोघे भाऊ बोस्टनच्या संघात, आणि 1872 ते 1875 लागोपाठ चार विजेतेपदं. 1874 साली संघ इंग्लंडला गेला, तिथे क्रिकेटही खेळला आणि हरला नाही. अर्थात अकरांपुढे अठरा उतरवायची मुभा होती. 1876 साली नॅशनल लीग या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात पहिला बॅटर जॉर्ज, आणि झाला बाद. 1879 साली प्रॉव्हिडन्सच्या संघाचा व्यवस्थापक म्हणून त्यानं हॅरीच्याच बोस्टनला मागे टाकून विजेतेपद नेलं. व्यवस्थापकी एवढीच, एका हंगामाची. नंतर क्रीडासाहित्याचा धंदा, तोही जोरात.

नातवाला झेल सोडायची युक्ती जरूर सांगा. करून बघायला मात्र सांगू नका. 1890च्या दशकात नियम आला, तेव्हापासून अशा वेळी पंच बॅटरला आधीच बाद देतात.