प्रश्नोत्तरे : द्रावक आणि मेंब्रेनची छिद्रं

१८ टक्के पॉलिसल्फोन (एक पॉलिमर, म्हणजे प्लास्टिक) एनएमपी या द्रावकात विरघळवून काचेवर पसरते आणि पाण्याच्या टबात बुडवून मेंब्रेन (पाणी गाळणारा पातळ पडदा) करते. ते आडवं कापून आतून पाहिलं तर बोटांसारख्या लांब पोकळ्या दिसतात आणि दाबाखाली मेंब्रेन फाटतं. द्रावक बदलू का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, धुळे)

लगेच बदलू नका. काचेवरची फिल्म पाण्यात सोडताना नीट बघा, क्षणात पांढरी पडते ना? एनएमपीचं पाण्याशी फार जमतं. ते भराभर बाहेर पडतं, पाणी आत घुसतं, पॉलिमर जागच्या जागी गोठतं आणि त्या घाईत पोकळ्या राहतात. डीएमएफ, डीएमएसी हे तसेच पाण्यात मिसळणारे द्रावक वापरलेत तरी चित्र फारसं बदलणार नाही. पण सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे पॉलिमर डायऑक्सेन या द्रावकातून पाण्यात सोडलं, तर ते सावकाश गोठतं, फिल्म काही वेळ पारदर्शक राहते. वरची साय घट्ट होते, खाली स्पंजासारखी रचना मिळते. पॉलिमर विरघळतं की नाही एवढ्यावर द्रावक निवडायचा नसतो, टबातल्या पाण्याशी त्याचं कसं वागणं आहे तेही बघायचं असतं.

आधी टबातच थोडं एनएमपी मिसळून पाहा; द्रावक आणि पाण्याची अदलाबदल मंदावते. जोडीला पॉलिमरचं प्रमाण थोडं वाढवा. पोकळ्या कमी होतील, पण पाण्याचा प्रवाहही घटेल, ही किंमत मोजावीच लागते.

तीच कृती, तेच सामान. मेमध्ये मेंब्रेन चांगलं येतं, श्रावणात फिल्म पाण्यात जाण्याआधीच धुरकट होते. असं का? (प्रयोगशाळा सहायक, जळगाव)

हवेतल्या दमटपणामुळे. एनएमपी ओलावा ओढून घेतं, त्यामुळे काचेवरच पॉलिमर वेगळं व्हायला लागतं आणि पृष्ठभागावर मोठी छिद्रं उघडतात. पावसाळ्यात काचेवर फिल्म पसरल्यावर ती हवेत रेंगाळू देऊ नका, बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका, आणि वहीत दर वेळी तापमानाशेजारी आर्द्रता लिहा. ही नोंद नसेल तर दोन महिन्यांची तुलना निरर्थक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेमध्येही त्रास होऊ शकतो, पण वेगळा. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, एनएमपी २०२ला. द्रावणात अ‍ॅसिटोन असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते झपाट्यानं उडतं आणि साय जास्तच दाट होते. शिवाय टबात गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी भरलंत, तर छिद्रं पुन्हा बदलतात.

बोअरचं पाणी क्षारट आहे. स्वस्तातलं यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) मेंब्रेन चालेल का? आणि मेंब्रेन थिनरनं धुतलं तर? (शेतकरी, रावेर)

नाही भाऊ. यूएफ गाळ आणि जंतू अडवतं, विरघळलेले क्षार त्यातून आरपार जातात. त्यासाठी आरओच लागतं. थिनर तर लावूच नका. मेंब्रेन द्रावकातूनच घडलेलं असतं, थिनरनं ते फुगून निकामी होऊ शकतं. क्षारांचा थर असेल तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे सायट्रिक अ‍ॅसिडनं धुवा. ब्लीचिंगचं पाणीही आरओच्या मेंब्रेनला लावू नका, क्लोरीननं ते खराब होतं.

मुलगी एनएमपीवर काम करते. धोका आहे का? (पालक, नंदुरबार)

आहे, आणि तो गांभीर्यानं घ्या. एनएमपी गर्भाला अपायकारक ठरतं, म्हणूनच युरोपात २०२० पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा आहेत. नेहमीच्या नायट्राइल हातमोज्यांवर भिस्त नको, ब्यूटाइल रबरचे मागा. काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) व्हावं, आणि टबातलं वापरलेलं पाणी मोरीत ओतू नये.

पीव्हीडीएफ (मेंब्रेनचं आणखी एक पॉलिमर) किंवा सेल्युलोज अ‍ॅसिटेटसाठी एनएमपीऐवजी डीएमएसओ हे द्रावक वापरता येतं, ते कमी विषारी आहे. मात्र हातावरची इतर रसायनं ते कातडीतून आत नेतं, त्यामुळे हातमोजे इथेही हवेतच. ते १८.५ अंशांना गोठतं, म्हणून थंडीत सकाळी बाटली घट्ट झालेली दिसली तर घाबरू नये. कोमट पाण्यात ठेवली की पातळ होते.