मुलीच्या शाळेने पाठवलेला तो फॉर्म आणि इम्पॅक्ट एड

तुमचा प्रश्न असा आहे की, तुम्ही अमेरिकेत नौदलाच्या तळावर एका कंत्राटी कंपनीत काम करता, घर मात्र तळाबाहेर आणि स्वतःचे आहे; मग तुमच्या कामाच्या जागेचा पत्ता मुलीच्या शाळेला कशासाठी हवा, आणि तो द्यावा का? अवश्य द्यावा. त्या फॉर्मात मिळकतीचा प्रश्न नसतो, आणि तो भरला नाही म्हणून मुलीच्या शिक्षणात अडथळाही येणार नाही. पण शाळेचे नुकसान होऊ शकते.

अमेरिकेत शाळांचा स्थानिक निधी मुख्यतः मालमत्ता करातून उभा राहतो. आपल्याकडे अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते, त्यामुळे गावातील जमिनीच्या करावर शाळा चालते ही कल्पनाच आपल्याला नवी वाटते. केंद्र सरकारच्या जमिनीवर स्थानिक कर लावता येत नाही. त्यामुळे ज्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातील शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, हद्दीत लष्करी तळ, आदिवासींची राखीव भूमी किंवा इतर सरकारी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे, तेथे विद्यार्थी असतात पण करपात्र जमीन अपुरी पडते. ही तूट अंशतः भरून काढण्यासाठी 1950 साली, ट्रुमन राष्ट्राध्यक्ष असताना, जो कायदा झाला त्यातून आजची इम्पॅक्ट एड योजना आली.

अशी मुले किती हे शाळेने पाठवलेल्या त्या फॉर्मवरून मोजले जाते, आणि मदतीची रक्कम ठरवताना प्रत्येक मुलाला ठरावीक वजन (भारांक) दिलेले असते. राखीव भूमीवर राहणाऱ्या मुलाचे वजन 1.25, तळावर राहणाऱ्या सैनिकाच्या मुलाचे 1, तळाबाहेर राहणाऱ्या सैनिकाच्या मुलाचे 0.20, आणि तुमच्या मुलीसारख्या, म्हणजे ज्यांचे पालक सरकारी जागेत काम करतात पण घराचा कर भरतात अशा, मुलांचे केवळ 0.05. घराचा कर तुमच्याकडून मिळतो, फक्त कामाच्या जागेचा मिळत नाही, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला रास्त वाटतो. मात्र या शेवटच्या गटासाठी आणखी एक अट आहे: अशी मुले सरासरी हजेरीत किमान 1,000 किंवा एकूण हजेरीच्या 10 टक्के असली पाहिजेत, नाहीतर त्यांच्यापैकी एकाचेही पैसे मिळत नाहीत. उंबरठ्याजवळच्या डिस्ट्रिक्टमध्ये थोडे फॉर्म परत आले नाहीत तर संपूर्ण गटच हातचा जातो. म्हणून ‘माझ्या एका फॉर्मने काय होणार’ असे कृपया म्हणू नका.

मुलांच्या संख्येशी संबंध नसलेला एक वेगळा भागही आहे. 1938 नंतर सरकारने घेतलेल्या जमिनीचे मूल्य, ती घेतली त्या वेळी, डिस्ट्रिक्टमधील एकूण स्थावर मालमत्तेच्या मूल्याच्या किमान 10 टक्के असेल, तर केवळ त्या जमिनीपोटी मदत मिळू शकते.

हा पैसा किती मोलाचा आहे हे न्यू मेक्सिको राज्यातील झुनी या आदिवासी जमातीच्या भागातील डिस्ट्रिक्टवरून कळते. तेथे करपात्र जमीन जवळजवळ नाहीच, आणि तरीही राज्य सरकार केंद्राच्या या मदतीपैकी 75 टक्के रक्कम आपल्या अनुदानातून वजा करीत असे. झुनीने दाद मागितली. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी झुनीच्या विरोधात निकाल दिला. अखेर 2021 मध्ये न्यू मेक्सिकोनेच कायदा बदलून ही वजावट थांबवली. ज्या मुलांच्या नावाने पैसा येतो त्यांच्या शाळेपर्यंत तो पोहोचायला इतकी वर्षे लागावीत, याचे मला आजही वाईट वाटते.

ही रक्कम बहुतांशी डिस्ट्रिक्टच्या सर्वसाधारण निधीत जमा होते. तिच्यातून शिक्षकांचे पगार, बस, इमारतीची दुरुस्ती असे काहीही करता येते. तरतूद दरवर्षी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, करते. अलीकडच्या वर्षांत ती सुमारे 1.6 अब्ज डॉलर होती, पण सूत्राप्रमाणे पूर्ण रक्कम 1969 नंतर कधीच मिळालेली नाही. शिवाय हा पैसा चालू वर्षाचाच असतो, त्यामुळे केंद्र सरकारच्या खर्चातील 2013 च्या सरसकट कपातीचा फटका या डिस्ट्रिक्टना शैक्षणिक वर्षाच्या मध्येच बसला.

आता फॉर्म भरताना दोन गोष्टी सांभाळा. कामाच्या जागेचा पत्ता म्हणून कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा नव्हे, तर तुम्ही प्रत्यक्ष जेथे काम करता त्या तळाचे नाव आणि पत्ता लिहा. आणि फॉर्मवर छापलेल्या गणनेच्या तारखेला किंवा त्यानंतरच सही करून तारीख घाला; आधीची तारीख असलेला किंवा सही नसलेला फॉर्म मोजणीत धरला जात नाही. डिस्ट्रिक्टला साधारणपणे जानेवारीअखेर अर्ज करावा लागतो, तेव्हा फॉर्म घरात पडून राहू देऊ नका.