११६ की १२०?

अनेक आशीर्वाद.

तुझी वही काल पाहिली. ३ × ३ च्या चौकटीत ० आणि १ भरायचे, फिरवल्यावर आहे तशीच दिसणारी प्रत्येक मांडणी वगळायची आणि उरलेल्यांपैकी ज्या फिरवून एकमेकींसारख्या होतात त्या मिळून एकच धरायची. तुझं उत्तर ११६. भाग नि:शेष गेला म्हणून तू निश्चिंत झाल्याचं दिसतंय. तुझ्या वयात मीही इथेच फसलो होतो.

एकूण मांडण्या २ चा नववा घात, ५१२. चौकट १८० अंश फिरवली की मधलं घर जागेवर राहतं आणि बाकी आठ घरांच्या चार जोड्या होतात. म्हणून न बदलणाऱ्या मांडण्या ३२. ९० अंशांत चार कोपऱ्यांचा एक गट, बाजूंच्या मधल्या चार घरांचा दुसरा आणि मधलं घर एकटं; म्हणून ८. २७० अंशांतही त्याच ८. इथवर तुझं सगळं चोख आहे. पुढे तू ३२, ८ आणि ८ हे तिन्ही वजा केलेस. अरे, ९० अंशांत जी बदलत नाही ती दोनदा ९० फिरवूनही बदलणार नाही! ते ८ त्या ३२ च्या पोटातच आहेत. म्हणून ५१२ वजा ३२, म्हणजे ४८०. उरलेली प्रत्येक मांडणी फिरवून चार वेगळी रूपं घेते, म्हणून भागिले ४, उत्तर १२०.

२ × २ वर हात चालवला असतास तर चूक लगेच सापडली असती. तुझ्या रीतीने तिथे १६ − ४ − २ − २ = ८, म्हणजे २ मांडण्या. प्रत्यक्षात काढून बघ: एकच १, शेजारी-शेजारी दोन १, आणि तीन १. झाल्या की तीन! कर्णावरचे दोन १ तेवढे १८० अंशांत सापडतात.

बर्नसाइडच्या सूत्राने, म्हणजे प्रत्येक फिरवण्यात न बदलणाऱ्या मांडण्यांची सरासरी काढून, (५१२ + ३२ + ८ + ८) ÷ ४, तुला १४० मिळतील. त्यात सममित मांडण्याही आल्या: १२० + १२ + ८; १२ म्हणजे फक्त १८० अंशांत न बदलणाऱ्या २४, दोन-दोन मिळून एक, आणि ८ म्हणजे ९० अंशांतही न बदलणाऱ्या. (नाव बर्नसाइडचं, पण हे सूत्र त्याच्या आधी कोशी आणि फ्रोबेनियसला माहीत होतं.)

मात्र एकच वजाबाकी दर वेळी पुरत नाही. चौकटीत एक सममिती दुसरीच्या आत बसते; ६ मण्यांच्या दोन रंगी माळेत तसं होत नाही. माळ उलटायची नाही, नुसती फिरवायची. ३ मणी सरकवून न बदलणाऱ्या ८, २ सरकवून न बदलणाऱ्या ४, आणि दोन्हींत येणाऱ्या, म्हणजे एकरंगी, २. त्या दोनदा वजा झाल्या, म्हणून एकदा परत मिळवायच्या: ६४ − ८ − ४ + २ = ५४; भागिले ६, माळा ९. हे वजा-अधिक नीट लावणारं मोबियस फलन पुढे भेटेलच. फ्रेंच गणिती मोरोने १८७२ मध्ये अशा माळांचं सूत्र दिलं होतं.

आता १२ मणी घे. ६ आणि ४ मणी सरकवणं एवढं दोनच तपासून काम भागतं. का, ते लिहून पाठव. नुसती संख्या नको.